घराबाहेरची मुलं: निसर्गसहवासाच्या पुराव्यांचा आढावा

मुलांनी मोकळ्या हवेत खेळावं, झाडावर चढावं, मातीत हात घालावेत, याला उघड विरोध कुणी करत नाही. प्रत्यक्षात मात्र शिकवणीचा तास, रस्त्यावरची वाहनं, नसलेलं मैदान आणि पालकांच्या जिवाला लागणारा घोर यांच्यापुढे हा आग्रह दरवेळी मागे पडतो. त्याचं एक कारण असं की ‘निसर्ग मुलांच्या भल्याचा असतो’ हे विधान ऐकायला गोड असलं तरी फार ढोबळ आहे. त्या एका गाठोड्यात किमान पाच गोष्टी बांधलेल्या असतात: भरपूर उजेड, शरीराची हालचाल, मातीतले सूक्ष्मजीव, हिरवाईचं सान्निध्य आणि मोठ्यांच्या नजरेआड मिळणारी मोकळीक. गेल्या चार दशकांत या पाचांवरही संशोधन झालं, पण प्रत्येकीचा पुरावा वेगळ्या प्रतीचा आहे. एकीच्या भक्कम पुराव्यावर दुसरीचं कच्चं विधान खपवलं जातं आणि दुसरीचा कच्चेपणा दाखवून पहिलीही झटकून टाकली जाते. या लेखात ते गाठोडं सोडून एकेक गोष्ट वेगळी पाहिली आहे. तसं पाहिलं की वादाचा बराचसा भाग आपोआप निवळतो आणि उरतो तो भाग खरोखरच अवघड असल्याचं दिसतं.

प्रश्न उभा कसा राहिला

मुलांना भिंतीबाहेर शिकवावं हा विचार आपल्याकडे नवा नाही. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली तेव्हा वर्ग झाडांखाली भरत. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यात अंगणवाडीइतकाच लक्षात ठेवण्याजोगा प्रयोग कुरणशाळेचा होता. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. या दोन्ही प्रयोगांमागची दृष्टी आजच्या चर्चेपेक्षा वेगळी होती, हे मात्र विसरता कामा नये. रवींद्रनाथांना चार भिंतींतल्या घोकंपट्टीचा जाच नको होता आणि ताराबाईंना शाळेबाहेर राहिलेलं मूल गाठायचं होतं. मूल निसर्गाला मुकलं आहे आणि त्यामुळे त्याचं काही बिघडतं आहे, ही चिंता त्यात नव्हती. कोसबाडच्या मुलांना रानाची टंचाई कधीच नव्हती.

ती चिंता औद्योगिक देशांतल्या शहरांतून आली. मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इंग्लंडमधल्या मुलांची एक पाहणी प्रसिद्ध केली. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जात होती. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं होतं. या काळात रस्त्यांवरच्या अपघातांत दगावणाऱ्या मुलांची संख्या घटली होती आणि सरकार त्याचं श्रेय रस्ते सुरक्षित झाल्याला देत होतं. हिलमन यांचं म्हणणं असं की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलंच रस्त्यावरून उचलून घरात ठेवली गेली आहेत. याच सुमारास विज्ञानाच्या बाजूनेही हालचाल चालू होती. १९८४ मध्ये रॉजर अल्रिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली, असं त्यांना आढळलं. रुग्णांच्या जोड्या अवघ्या २३ होत्या आणि सगळे प्रौढ होते, तरी पुढच्या असंख्य अभ्यासांची सुरुवात इथून झाली. त्याच वर्षी एडवर्ड विल्सन यांचं ‘बायोफिलिया’ आलं. माणसाला सजीवसृष्टीची ओढ उपजतच असते, अशी त्यांची मांडणी होती.

या सगळ्याला घराघरांत पोहोचवलं ते अमेरिकी पत्रकार रिचर्ड लूव्ह यांच्या २००५ मधल्या ‘लास्ट चाइल्ड इन द वुड्स’ या पुस्तकाने. मुलांमधल्या लठ्ठपणापासून चंचलतेपर्यंत अनेक तक्रारींमागे निसर्गाशी तुटलेलं नातं आहे, असं सांगताना त्यांनी त्याला आजाराच्या थाटाचं नाव दिलं. हे वैद्यकीय निदान नाही, असं ते स्वतःच सांगत आले, पण नाव चिकटलं आणि इशारा मागे राहिला. त्यानंतरच्या वीस वर्षांतलं संशोधन म्हणजे बऱ्याच अंशी या पुस्तकाने एका झटक्यात केलेल्या दाव्यांची सावकाश केलेली पडताळणी आहे.

उजेड आणि डोळे

या पडताळणीत सगळ्यात भक्कम ठरलेली बाब लूव्ह यांच्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी नव्हतीच. ती म्हणजे दूरचं अंधुक दिसण्याचा दोष, ज्याला आपण ‘मायनस नंबर’ म्हणतो. हा दोष फार वाचल्याने किंवा पुस्तक नाकाजवळ धरल्याने येतो, असा समज घरोघरी आहे. २००८ मध्ये कॅथरिन रोझ आणि सहकाऱ्यांनी सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना केली. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना हा दोष होता, तर सिडनीत ३.३ टक्के. वंश एकच, आईवडिलांना चष्मा असण्याचं प्रमाणही जवळपास सारखं, आणि सिडनीतली मुलं आठवड्याला सिंगापूरच्या मुलांपेक्षा जास्त पुस्तकं वाचत होती. ठळक फरक एका ठिकाणी होता: सिडनीतली मुलं आठवड्यात पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीन तास.

तुलनेवरून कारण ठरत नाही, म्हणून पुढचं पाऊल प्रयोगाचं होतं. चीनमधल्या ग्वांगझो शहरात १२ प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या. एका गटातल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनी या गटात ३०.४ टक्के मुलांना नवा दोष जडला होता, दुसऱ्या गटात ३९.५ टक्के. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तैवानने तर २०१० पासून रोज दोन तास बाहेर राहण्याचा कार्यक्रम देशभरातल्या प्राथमिक शाळांत राबवला, आणि वर्षानुवर्षं चढत गेलेलं कमी दृष्टीचं प्रमाण २०१२ मधल्या ४९.४ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४६.१ टक्क्यांवर उतरलं. उतार लहान आहे, पण दिशा बदलली. दिल्लीतल्या सुमारे दहा हजार शाळकरी मुलांच्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना हा दोष आढळला आणि तिथेही बाहेर जास्त वेळ घालवणाऱ्यांत तो कमी दिसला. महासाथीत घरकोंबड्या झालेल्या मुलांची २०२० मध्ये चीनमध्ये तपासणी झाली, तेव्हा सहा ते आठ वर्षांच्या मुलांचे नंबर मागच्या वर्षांच्या तुलनेत ठळकपणे सरकलेले दिसले.

यामागचं कारण बहुतेकांच्या मते उजेड. वर्गात साधारण तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो, बाहेर सावलीतही काही हजार आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. तेजस्वी उजेडात दृष्टिपटलात डोपामिन अधिक स्रवतं आणि ते नेत्रगोलाची लांबी वाढण्याला आवर घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. बाहेर नजर दूरवर जाते म्हणूनही फायदा होत असावा, असं मानणारा एक गट आहे. त्यांचा प्रश्न निकालात निघालेला नाही. एक मर्यादा मात्र स्पष्ट आहे. बाहेर राहिल्याने दोष जडण्याची शक्यता कमी होते. एकदा जडलेला दोष वाढायचा थांबतो, असं खात्रीने म्हणता येत नाही. म्हणजे औषध चष्मा लागण्याआधीचं आहे.

हा सर्वांत पक्का पुरावा असला तरी त्यात झाड, पाखरू, ओढा काहीच नाही. सिमेंटच्या अंगणातही तो लागू पडतो. ‘ड’ जीवनसत्त्वाचंही तसंच. देशभर ऊन असताना २०१६ ते २०१८ मधल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या १८ टक्के आणि किशोरवयीनांतल्या २४ टक्के मुलांत त्याची कमतरता दिसली. आहार, कपडे, त्वचेचा वर्ण, हवेतली धूळ अशी कारणं त्यात मिसळलेली आहेत, पण अंगावर ऊन न पडणं हे त्यातलं एक आहेच. हालचालीबद्दल फार लिहायला नको. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सुचवते, आणि मुलं आतल्यापेक्षा बाहेर जास्त हलतात, हे वारंवार दिसलं आहे. त्यालाही रान लागत नाही, जागा लागते.

हिरवाई, लक्ष आणि मन

खरा वाद इथून सुरू होतो. हिरवाईचा मनावर परिणाम होतो असं म्हणणाऱ्यांचा सैद्धांतिक आधार स्टीफन आणि रेचल कॅप्लन या दांपत्याने १९८९ मध्ये मांडला. त्यांच्या मते, मुद्दाम एका जागी लावून धरलेलं लक्ष थकतं. पानांची हालचाल, वाहतं पाणी, ढग या गोष्टी लक्ष हलकेच वेधतात, त्यासाठी जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या अवधीत थकलेलं लक्ष पुन्हा ताजं होतं. शाळकरी मुलाला लक्ष लावून धरण्याचंच काम दिवसभर असतं, म्हणून ही मांडणी मुलांना चपखल बसते असं वाटतं.

अँड्रिया फेबर टेलर आणि फ्रान्सिस कुओ यांनी २००९ मध्ये लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास असलेल्या १७ मुलांना वीस-वीस मिनिटं तीन ठिकाणी चालवलं: बाग, वस्ती आणि शहराचा मध्य. बागेनंतर मुलांची एकाग्रता सगळ्यात चांगली होती. हा अभ्यास पालकांच्या मासिकांतून इतक्या वेळा आला की त्यातली मुलं सतराच होती, हे सांगायचं राहून जातं. त्याआधी याच संशोधकांनी शिकागोतल्या सरकारी घरकुलांत १६९ मुलांचा अभ्यास केला होता. तिथे घरं मागणाऱ्याच्या आवडीप्रमाणे मिळत नसत, त्यामुळे कुणाच्या खिडकीसमोर झाड येईल आणि कुणाच्या समोर उघडं डांबर, हे जवळपास योगायोगावर होतं. ज्यांच्या खिडकीसमोर झाडं होती त्या मुलींचा आत्मसंयम जास्त दिसला. मुलग्यांमध्ये फरक दिसला नाही. मुलगे घराजवळ कमी खेळत असावेत, असं एक स्पष्टीकरण दिलं गेलं. ते पटण्याजोगं आहे, पण निकाल हाती आल्यावर सुचलेलं आहे.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावा युरोपातून आला. बार्सिलोनातल्या ३६ शाळांतल्या अडीच हजारांवर मुलांची वर्षभर चाचणी घेतल्यावर हिरव्या परिसरातल्या शाळांत कार्यकारी स्मृती अधिक वेगाने वाढलेली आढळली (२०१५). त्या अभ्यासाचं मोल त्याच्या प्रामाणिक हिशेबात आहे. या फायद्याचा बराच वाटा झाडांमुळे किंवा झाडांच्या जागी रस्ता नसल्यामुळे वाहनांचा धूर कमी असण्याला जातो, असं संशोधकांनीच दाखवलं. म्हणजे मुलाच्या मेंदूला पानं दिसल्याचा फायदा झाला की काजळी न मिळाल्याचा, हा प्रश्न शिल्लक राहतो. डेन्मार्कमध्ये १९८५ ते २००३ या काळात जन्मलेल्या नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या (२०१९). ज्यांचं बालपण सगळ्यात कमी हिरवाईत गेलं त्यांना पुढे मानसिक विकार होण्याची जोखीम ५५ टक्क्यांपर्यंत जास्त होती. उत्पन्न, आईवडिलांचे आजार, शहरीपणा हे सगळं हिशेबात धरूनही फरक टिकला. आकडा मोठा आहे, पण इथे मोजलं गेलं ते उपग्रहातून दिसणारं घराभोवतीचं हिरवेपण. मूल त्या हिरवाईत उतरलं की नाही, हे उपग्रहाला दिसत नाही.

हे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांचा सूर त्यामुळे बेताचा आहे. मुलांच्या आणि किशोरांच्या मानसिक आरोग्यावरच्या एका २०१८ मधल्या आढाव्यात नोंदलेल्या निष्कर्षांपैकी सुमारे निम्म्यांत फायदा दिसला आणि जवळपास निम्म्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या काहीच नाही. तोटा क्वचितच. लक्ष ताजं होण्याच्या सिद्धांतावरचा २०१६ चा आढावाही असाच आहे: काही चाचण्यांत आधार, काहींत नाही. समर्थक म्हणतात, इतक्या वेगवेगळ्या देशांतून दिशा एकच दिसते आहे. साशंक म्हणतात, नकारात्मक निकाल कुणी छापायला पाठवत नाही. दोघांचंही बरोबर असू शकतं. माझ्या मते इथे दावा मर्यादित ठेवणं शहाणपणाचं आहे. हिरवाईने अपाय होत नाही, बहुधा थोडा लाभ होतो, आणि धूर व गोंगाट घटल्याचा लाभ त्यात मिसळलेला असतो. यापलीकडे जाऊन एखाद्या मुलाच्या चंचलतेवर बाग हा उपाय म्हणून सांगणं, आणि त्यासाठी चालू औषध थांबवणं, याला आज आधार नाही.

माती

मातीबद्दलची कल्पना १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी मांडलेल्या अतिस्वच्छतेच्या तर्कातून वाढली. लहानपणी जंतूंशी गाठ पडली नाही तर प्रतिकारशक्ती निरुपद्रवी गोष्टींवरही तुटून पडते आणि ॲलर्जी वाढतात, असा तो तर्क. फिनलंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दिशेने सगळ्यात पुढे जातो. पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली जमीन, गवताचे थर आणि लागवडीच्या पेट्या आणून ठेवल्या. तीन ते पाच वर्षांची ७५ मुलं या अभ्यासात होती. बदललेल्या अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या त्वचेवर अवघ्या २८ दिवसांत जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तात प्रतिकारशक्तीचा तोल सुधारल्याच्या खुणा दिसल्या. या खुणांचं पुढे कमी दम्यात किंवा कमी ॲलर्जीत रूपांतर होतं का, हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

फिनलंडची माती मात्र जशीच्या तशी इकडे आणता येत नाही. ज्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळून शाळा-अंगणवाड्यांत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी द्यावी लागते, तिथे ‘मुलांना मातीत लोळू द्या’ हा सल्ला कोणती माती, हे विचारल्याशिवाय देता येत नाही. सांडपाणी मिसळलेली, उघड्यावर शौच होणारी जमीन आणि देवराईतली पालापाचोळ्याची जमीन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडच्या मुलांवर हा फरक मोजणारं काम झालं तर त्याचा उपयोग जगाला होईल.

मोकळीक आणि जोखीम

निसर्गात मूल नेमकं काय करतं, हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञ लावून धरतात. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, धोक्याची हत्यारं, पाणी-आगीसारख्या धोक्याच्या जागा, धसमुसळी आणि हरवून जाणं. सूरपारंब्यांत यातले निदान तीन प्रकार एका वेळी होतात आणि तो खेळ झाडाशिवाय होतच नाही. या मांडणीनुसार निसर्गाचा फायदा त्याच्या हिरवेपणात नसून त्याच्या अनिश्चिततेत आहे. फांदी पेलेल की नाही, दगड निसरडा आहे का, हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं. बागेतल्या घसरगुंडीवर हा निर्णय बनवणाऱ्याने आधीच घेतलेला असतो. कॅनडातल्या मारियाना ब्रुसोनी आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या आढाव्यात जोखमीच्या बाहेरच्या खेळाचे शारीरिक आणि सामाजिक फायदे तोट्यांपेक्षा जास्त आढळले, अर्थात अभ्यासांची प्रत मध्यमच होती. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये अशा खेळाची शिफारस केली, ती धोका आणि जोखीम वेगळी करून. मुलाला दिसणारी आणि तोलता येणारी ती जोखीम, न दिसणारा तो धोका. कुजलेली फांदी किंवा उघडी विजेची तार यांना जोखीम म्हणत नाहीत.

मोकळीक मोजायची कशी, ही इथली मूळ अडचण. उजेडाला लक्समापक आहे, हिरवाईला उपग्रह आहे. मोठ्यांच्या नजरेआड गेलेलं मूल मोजायला गेलं की ते नजरेआड राहत नाही. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना पहाऱ्याविना सोडण्याचा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मंजूर करणार नाही. त्यामुळे हा पुरावा बराच काळ कच्चाच राहील.

लहानपणी रानात रमलेली माणसं मोठेपणी निसर्ग राखतात, या दाव्याचंही काहीसं तसंच. अमेरिकेतल्या दोन हजार प्रौढांच्या २००६ मधल्या अभ्यासात अकरा वर्षांच्या आतली रानातली भटकंती आणि पुढची पर्यावरणाविषयीची आस्था यांचा संबंध दिसला. पण तो मोठेपणच्या आठवणींवरून काढलेला आहे, आणि आस्था असलेल्या माणसाला रानाच्याच आठवणी जास्त येणार. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचं करावं असं सांगितलं आणि ते बहुतांशी पाठ्यपुस्तकात गेलं. पुस्तकाचा मार्ग आणि रानाचा मार्ग यांची समोरासमोर तुलना करणारा दीर्घ अभ्यास हवा.

आक्षेप आणि त्यांची बाजू

पहिला आक्षेप कारणाबद्दलचा आहे. हिरवाईच्या शेजारी सहसा पैसेवाले राहतात, त्यामुळे झाडाच्या नावावर जमा होणारा फायदा प्रत्यक्षात उत्पन्नाचा असतो. डोळ्यांबाबत हा आक्षेप टिकत नाही, कारण तिथे प्रयोग झाले आहेत. शिकागोतही तो बराच सैल पडतो. मानसिक आरोग्याबाबत तो पूर्ण खोडून काढता येत नाही.

दुसरा आक्षेप गतकाळाच्या हळव्या चित्राला आहे. एलिझाबेथ डिकिन्सन यांनी २०१३ मध्ये लूव्ह यांच्यावर टीका करताना म्हटलं की मुलांना रानात पाठवलं की प्रश्न सुटेल असं मानल्याने मोठ्यांच्या जगण्यातले मूळ दोष झाकले जातात. मराठी वाचकाला याची दुसरी बाजू अधिक जाणवेल. करवंदं, जांभळं, विहिरीतल्या उड्या हे बालपण सगळ्यांचं नव्हतं. मुलीला तिन्हीसांजेच्या आधीच घरात बोलावलं जाई. अनेकांना त्या विहिरीच्या काठावर उभं राहण्याची मुभा जातीने नाकारली होती. आणि गुरं राखणारा, मोळी आणणारा, मैलभरावरून पाणी वाहणारा मुलगा किंवा मुलगी दिवसभर निसर्गात असूनही तो त्यांच्या वाट्याला श्रम म्हणून येत होता, येतो आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यातून निसर्गसहवास निरर्थक ठरत नाही. फक्त बाहेर घालवलेले तास मोजताना ते खेळाचे की कामाचे, हे वेगळं नोंदवावं लागेल, आणि आजवरच्या बहुतेक पाश्चात्त्य अभ्यासांना तशी गरजच पडलेली नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि इथे भारतीय पालकाची भीती कॅनडातल्या पालकासारखी नसते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालची मुलं होती. कोकणात विंचूदंशाने मुलं दगावत, तेव्हा महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुजवला आणि हे मृत्यू मोठ्या प्रमाणावर घटले. त्या उदाहरणातून दोन गोष्टी कळतात. एक, ही भीती खोटी नव्हती. दोन, ती मुलांना घरात कोंडून कमी झाली नाही. जवळच्या दवाखान्यात योग्य औषध असल्याने ती कमी झाली. बहुतेक सर्पदंश ग्रामीण भागात, पावसाळ्यात, शेतात आणि घराभोवती होतात. शहरातल्या बागेत खेळणाऱ्या मुलाला हा धोका दाखवून घरात ठेवणं आणि खेड्यातल्या मुलाला निसर्गाचे गोडवे गाऊन अनवाणी सोडणं, दोन्ही चूकच.

हवेचा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. धावणारं मूल बसलेल्या मुलापेक्षा जास्त हवा ओढतं. दिल्लीत हिवाळ्यात शाळा बंद ठेवाव्या लागतात तेव्हा बाहेर खेळण्याचा आग्रह धरता येत नाही, आणि मुंबई-पुण्यातही बांधकामांच्या धुळीचे दिवस वाढले आहेत. डोळ्यांसाठी बाहेर जावं आणि फुफ्फुसांसाठी आत राहावं, अशी ही कात्री आहे. किती प्रदूषणाने कोणता फायदा पुसला जातो याचा मुलांपुरता हिशेब झालेला नाही.

न सुटलेलं

युरोपातले आणि पूर्व आशियातले अभ्यास आपल्या ऋतूंत कसे बसवायचे, हा पहिला खुला प्रश्न. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो आणि शाळा सकाळच्या होतात. जून ते सप्टेंबर कोकणात मैदान पाण्याखाली असतं. अशा ठिकाणी रोज दोन तास बाहेर हे तैवानचं सूत्र वर्षभर चालणार नाही. तैवानच्याच २०१८ च्या एका अभ्यासात मुलांच्या अंगावर उजेडमापक लावले होते. त्यात एक हजार लक्सच्या वरचा, म्हणजे झाडाखाली किंवा व्हरांड्यात मिळणारा उजेडही शाळेच्या वेळेत आठवड्याला २०० मिनिटं मिळाला तर नंबराची घसरण कमी झाली. ही नोंद आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. वर मी उजेड आणि हिरवाई वेगळी काढली, पण चंद्रपुरात किंवा जळगावात ती वेगळी राहत नाहीत. तिथे मार्चनंतर बाहेर थांबायचं तर सावली लागते, आणि डोळ्यांना पुरेल इतका उजेड आत येऊ देणारी सावली कडुनिंबाची किंवा चिंचेची असते. तिथे झाड असेल तरच मुलाला बाहेर थांबता येतं. असा अभ्यास मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या शाळांत करायला उजेडमापक आणि तीन वर्षांचा धीर एवढंच लागेल.

दुसरा प्रश्न जागेचा. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचं महापालिकेच्या आराखड्याच्या वेळच्या पाहणीत निघालं, तर केंद्राच्या नगररचना मार्गदर्शिकेत माणशी दहा ते बारा चौरस मीटरची अपेक्षा आहे. ही तफावत नव्या बागांनी भरून निघणारी नाही. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान आवश्यक ठरवलं आहे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. ज्या शाळांकडे मैदान आहे त्यांचं फाटक मात्र संध्याकाळी, रविवारी आणि सुट्ट्यांत बंद असतं. ते वस्तीतल्या मुलांना उघडावं, ही सूचना नगररचनाकार अनेकदा करतात आणि मुख्याध्यापक नाकारतात. त्यांचा नकार समजून घेण्याजोगा आहे. रखवालदाराचा पगार कुणी द्यायचा, सहानंतर एखादं मूल फांदीवरून पडलं तर जबाबदारी शाळेची, महापालिकेची की पालकांची, याचं लेखी उत्तर त्यांच्याकडे नसतं. जोखमीच्या खेळाचे फायदे सांगणाऱ्या संशोधनाने या प्रश्नाला अजून हात घातलेला नाही, कारण तो प्रश्न बालमानसशास्त्राचा नसून विम्याचा आणि कायद्याचा आहे.